आधी कूलर बंद करा: ज्येष्ठांचे कान तपासण्याची माझी पद्धत

नागपुरात एप्रिल लागला की कुणाचेही कान तपासायला बसण्याआधी पहिलं काम एकच असतं. कूलर बंद करायचा. खिडकीतला लोखंडी कूलर धडधडत असताना पंचविशीतल्या पोरालाही कुजबुज ऐकू येत नाही, मग पंचाहत्तरीच्या आबांना ती ऐकू आली नाही यातून काय कळणार? म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सातला टेबल मांडतो आणि साडेनऊला उचलतो. तेवढा वेळ कूलरशिवाय निभतं. पंखा करकरत असेल तर तपासणीपुरता तोही बंद करते.

मी सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची बारा कान-नाक-घशाच्या ओपीडीत. निवृत्तीनंतर मानेवाड्याकडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कानांची प्राथमिक तपासणी करते. सोबतीला मंडळातल्याच दोघी असतात, एक निवृत्त शिक्षिका आणि एक बँकेतून निवृत्त झालेली. दोघींनी हे काम तीन-चार शनिवारांत शिकून घेतलं आणि आज त्या माझ्याइतकंच नीट करतात. तुमच्या मंडळात, वस्तीत, विहारात असं टेबल लावायचं असेल, किंवा घरातच आई-बाबांचा टीव्ही शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जात असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

हे मी का करते ते थोडक्यात सांगते. माझे बाबा गिरणीत मागावर होते. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली. घरी सगळे म्हणायचे, बाबा हट्टी आहेत, त्यांना हवं तेवढंच ऐकतात. मीसुद्धा म्हणायचे, दिवसभर कानांच्या ओपीडीत काम करून घरी आल्यावर म्हणायचे. मग एका शिबिरात त्यांना ऐकायची मशीन, म्हणजे श्रवणयंत्र मिळालं. मशीन नीट बसावी म्हणून कानाच्या आकाराचं माप घेतलं नाही, लावायची कशी ते दाखवलं नाही, हातात डबी दिली आणि पुढच्याला बोलावलं. घरी लावली की शिटी वाजायची. पंधरा दिवसांनी ती मला बाबांच्या पानाच्या डब्यात सापडली, चुन्याच्या डबीशेजारी. त्यानंतर जगले ती सात वर्षं ते लग्नाकार्यात नुसती मान डोलवत बसले. त्यांना किती कमी ऐकू येतं हे शिबिरात बरोबर मोजलं होतं. त्यांना मशीन हवी आहे का, कशासाठी हवी, कशाची लाज वाटते, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून आमच्या कार्डावर दोन रकाने आहेत. डावीकडे कान, उजवीकडे मन. दोन्ही भरल्याशिवाय माणसाला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही.

ऐकू येतं, पण कळत नाही

टेबलावर बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटेल. वयामुळे अधू होणारा कान एकदम बंद पडत नाही. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, त्यातल्या नाजूक केसपेशी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. झीज बारीक, उंच सुरांच्या बाजूनं सुरू होते. आ, ओ, ऊ हे स्वर जाड सुराचे, ते ऐकू येत राहतात. स, श, च, ट, थ, फ ही अक्षरं आधी गळतात. त्यामुळे कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. "मले आयकू तर येते" असं आबा म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात.

आमच्या मंडळातल्या एका काकांना डॉक्टरांनी बीपीची गोळी सकाळी सहाला सांगितली होती. ते रोज दहाला घेत. सूनबाई सांगत होत्या, बाबा विसरायला लागले. सहा आणि दहा, फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि तेच अक्षर त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नव्हतं.

दुसरी गोष्ट. हळू बोललं तर ऐकू येत नाही, आणि जोरात बोललं की आबा चिडतात, "काहून ओरडून राह्यली?" घरात यावरून रोज भांडण होतं. यात हट्ट नाही. झिजलेल्या कानात "ऐकू आलं" आणि "टोचलं" यांच्यातलं अंतर कमी झालेलं असतं. आवाज वाढवला की तो एकदम अंगावर येतो. म्हणून ओरडणं हा उपाय कधीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं साठीपुढच्या दर चार जणांत एकाहून जास्त जणांना उपचार लागावा इतकं कमी ऐकू येतं. तुमच्या मंडळाचं हजेरीपुस्तक उघडा आणि चारानं भागा. तेवढे लोक तुमच्याच सतरंजीवर बसलेले आहेत.

खोली आणि माणूस

रस्त्याकडची खोली नको. मागची, स्वयंपाकघराला लागून नसलेली खोली घ्या. चहाच्या कपबशांचा आवाज फार आडवा येतो. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकलं तर साधारण अंदाज येतो. चाळीस डेसिबलच्या आसपास किंवा खाली असलं की मी सुरू करते. दोन खुर्च्या, एक टेबल, कार्डं, पेन, आणि असेल तर एक स्टेथोस्कोप. तो कशाला ते पुढे सांगते.

माणूस एकटा आत येऊ द्या. हा माझा सगळ्यात पक्का नियम आहे. मुलगा किंवा सून सोबत बसली की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देते, आणि आबा भिंतीकडे बघतात. घरच्यांशी मी नंतर बोलते, वेगळं. आणखी एक: नवऱ्याला घेऊन आलेल्या बायका दाराशी थांबतात. "माझं काय, मी तर घरातच असते." त्यांनाही आत बोलवा. माझ्या टेबलावर तरी आजींचे कान आबांपेक्षा उशिरा तपासले जातात, कारण त्यांना घेऊन कुणी येत नाही.

दहा प्रश्न

१९८३ साली अमेरिकेत वेंट्री आणि वाइनस्टाइन या दोघांनी ज्येष्ठांसाठी दहा प्रश्नांची एक छोटी यादी तयार केली. कमी ऐकू येण्यामुळे जगण्यात काय अडतं, हे ती विचारते. जगभर ती वापरतात. आम्ही तिच्याच धर्तीवर आपल्या बोलीत असे विचारतो:

१. नवीन माणसाशी बोलताना ऐकू न आल्यामुळे ओशाळल्यासारखं होतं का?
२. घरच्यांशी बोलताना त्यामुळे चिडचिड होते का?
३. कुणी कानाशी कुजबुजलं तर कळायला जड जातं का?
४. ऐकण्यामुळे आपण अधू झालो असं वाटतं का?
५. नातेवाइकांकडे, शेजारी गेल्यावर बोलणं समजायला त्रास होतो का?
६. कीर्तन, भजन, वंदना, प्रवचन याला जाणं त्यामुळे कमी झालं का?
७. त्यावरून घरात वाद होतात का?
८. टीव्ही-रेडिओ ऐकताना अडचण येते का?
९. ऐकण्यामुळे तुमचं बाहेर जाणं, चारचौघांत मिसळणं आखडलं का?
१०. हॉटेलात, पंगतीत जेवताना सोबतच्यांचं बोलणं कळत नाही असं होतं का?

"हो" म्हटलं की ४, "कधीकधी" म्हटलं की २, "नाही" म्हटलं की ०. बेरीज ८ पर्यंत असेल तर ठीक. १० ते २४ म्हणजे त्रास सुरू झालाय. २६ आणि पुढे म्हणजे बराच आहे. १० आणि वरच्या सगळ्यांना पुढे पाठवायचं, कधी ते उजवा रकाना ठरवतो.

प्रश्न समोर बसून विचारा, चेहऱ्यावर उजेड हवा, घाई नको. सहाव्या प्रश्नावर थांबा. तिथं लोक खरं बोलतात. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "भजनात मी आताशा नुसती टाळी वाजवते, बाई. कोणतं कडवं चालू हाय ते समजत नाही." त्याआधीच्या पाचही प्रश्नांना त्यांनी "नाही" म्हटलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि बेरीज १८ झाली.

कुजबुज

आता कान. आधी विचारून घ्या: कान वाहतो का, दुखतो का, अलीकडे काही घातलं का. कानात टोकदार, तेलकट, गरम काहीच घालायचं नाही, हे त्याच वेळी सांगा. लसणाचं तेल, पिन, आगपेटीची काडी, या सगळ्यानं बिघडलेले कान मी ओपीडीत पाहिलेत. मळ घट्ट बसला असेल तर कमी ऐकू येतं, आणि तो डॉक्टरांनी काढला की पुष्कळदा तिथंच प्रश्न सुटतो. तुमच्यापैकी कुणाला दुर्बिणीनं कान पाहायचं शिक्षण नसेल तर पाहू नका, पाठवा.

कुजबुजीची चाचणी अशी. माणसाला खुर्चीवर बसवा आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर, साधारण साठ सेंटिमीटरवर, उभ्या राहा. मागे अशासाठी की ओठ दिसायला नकोत. कमी ऐकणारी माणसं नकळत ओठ वाचायला शिकलेली असतात. ज्या कानाची तपासणी नाही त्याच्या भोकापुढचा मऊ उंचवटा बोटानं दाबून हलकेच गोल फिरवत राहा, म्हणजे त्या कानाला फसवून ऐकता येत नाही. मग पूर्ण श्वास सोडा. सोडलेल्या श्वासानंतर जो आवाज उरतो त्यात कुजबुजा: "सात, म, तीन." आकडा, अक्षर, आकडा. समोरच्यानं तिन्ही बरोबर सांगितलं तर तो कान पास. चुकलं तर दुसरा संच घ्या, "पाच, ल, नऊ." दोन्ही मिळून सहापैकी निदान तीन बरोबर आले तरी पास. दुसऱ्या कानाला वेगळे संच घ्यायचे, तेच नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती श्वास सोडण्यात. श्वास भरून कुजबुजलं की ते जवळजवळ बोलणंच होतं, आणि सगळे पास होतात. आमच्या शिक्षिकाबाईंचा वर्गातला आवाज सुटायला तीन शनिवार लागले. घरी आरशासमोर नाही, नातवाच्या मागे उभं राहून सराव करा.

एखाद्याची बेरीज कमी आली पण कुजबुज ऐकू आली नाही, किंवा उलट झालं, तरी पाठवा. दोन्हीपैकी एक पुरे.

काही जणांना मात्र पुढच्या शनिवारची वाट पाहायला लावू नका. अचानक, एक-दोन दिवसांत एका कानानं ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. तिथं औषधाचा उपयोग पहिल्या दिवसांत होतो, आणि "मळ असेल, जाईल" म्हणून थांबल्यानं तो हातचा जातो. एकाच कानात सतत गुंईऽ असा आवाज, एकाच बाजूनं कमी ऐकू येणं, चक्कर, वाहणारा कान, कानदुखी, यांनाही आधी डॉक्टर, मशीनचं बोलणं नंतर. क्षयाची इंजेक्शनं किंवा कॅन्सरची औषधं झालेली असतील तर कार्डावर लिहा. त्यातली काही आतल्या कानाला जड जातात. आणि कुठे नोकरी केली ते विचारा. गिरणी, रेल्वे वर्कशॉप, कोळसा खाण, शस्त्रास्त्र कारखाना, नागपुरात यातलं एक उत्तर हमखास येतं.

उजवा रकाना

इथं बहुतेक शिबिरं संपतात आणि इथंच माझं खरं काम सुरू होतं. मी चारच गोष्टी विचारते. तुम्हाला स्वतःला कमी ऐकू येतं असं वाटतं का, की घरचे म्हणतात म्हणून आलात? मशीन लावलेलं कुणी ओळखीचं आहे का, आणि त्याचं काय झालं? कुणाचा आवाज नीट ऐकू यावा असं वाटतं? आणि शेवटचं, दोन्ही हात पुढे करा, कानासाठी काही करावं असं किती वाटतं ते बोटांनी दाखवा. दहा म्हणजे आजच करायचं, शून्य म्हणजे मुळीच नाही.

बोटांचा आकडा तसाच लिहायचा. समजूत घालून वाढवायचा नाही. सात आणि वर असेल त्याला त्याच आठवड्यात पाठवा. दोन-तीन असेल त्याच्यावर मशीन लादली तर ती माझ्या बाबांसारखी पानाच्या डब्यात जाणार. अशा माणसाला मी घरच्यांनी कसं बोलायचं ते सांगून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावते. चार ते सहावाल्यांशी बोलायचं असतं, आणि बोलताना काय येतं ते सांगते.

"लोकं बहिरा म्हणतीन." हे सगळ्यात जास्त. मी विचारते, आता पंगतीत कुणी काही विचारलं आणि तुम्ही भलतंच उत्तर दिलं की लोक काय म्हणतात? थोडा वेळ शांतता असते. मशीन न लावल्यानं ऐकू न येणं लपत नाही. चष्म्याची लाज गेली, कवळीची गेली. कानाची अजून शिल्लक आहे, कारण आपल्याकडे बहिरेपणावर पिढ्यान्‌पिढ्या हसलं गेलं. मंडळाच्या स्नेहसंमेलनात बहिऱ्या माणसाचा विनोद झाला की मी उठून सांगते, हे बंद करा. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. ज्याला हसता तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.

"या वयात आता काय आयकाचं राह्यलं?" याला युक्तिवाद करू नका. तिसऱ्या प्रश्नाकडे परत या. कुणाचा आवाज? बहुतेक वेळा पुण्याला किंवा परदेशी असलेल्या नातवंडाचा फोन असतो. तेच कार्डावर लिहा, "नातीचा फोन". पुढे मशीन बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला याच ओळीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

"मशीननं उरलेला कानही जाते." चुकीचं आहे. कानाच्या तपासणीप्रमाणे बसवलेली मशीन कान खराब करत नाही. दुसऱ्याची उसनी लावली, किंवा मोजमाप न करता बाजारातून आवाज वाढवणारं यंत्र आणून कानात घातलं, तर धोका आहे. "पोराचा पैसा कायले खर्च करू?" यात पैसा किती आणि संकोच किती ते ओळखायला वेळ द्या. पैशाचा प्रश्न असेल तर वाटा आहेत, त्या खाली लिहिते.

आणि आता स्टेथोस्कोप. इतवारीतल्या एक आजी बहिणीला घेऊन आल्या होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. "मले सगळं आयकू येते. तुम्हीच लोकं हळू बोलता." बोटं दाखवली दोन. मी स्टेथोस्कोपच्या कानातल्या नळ्या त्यांच्या कानात घातल्या आणि चकती माझ्या तोंडाजवळ धरून अगदी हळू, घरात बोलावं तसं विचारलं, "आजी, सकाळी काय खाल्लं?" त्या दचकल्या. मग चकतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पोहे." मी विचारलं, "तर्री होती का?" त्यांचा हात आपोआप नळीवर गेला, ती धरून त्या म्हणाल्या, "इले बोलाव." बहीण आली, चकतीत बोलली. दोघी बराच वेळ बोलत होत्या, रांग थांबली होती, मी थांबू दिली. नंतर पुन्हा बोटं विचारली तर सहा आली. मशीन काय करते हे शब्दांत सांगून कळत नाही. हा साधा उपाय ओपीडीत आम्ही कमी ऐकणाऱ्या रुग्णांशी बोलायला वापरायचो. फक्त चकतीवर टिचकी मारू नका आणि मोठ्यानं बोलू नका, कानात फार जोरात जातं.

स्मृतिभ्रंशाची भीती दाखवून मशीन विकली जाते, ते मला पटत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यात कमी ऐकू येणं आहे हे खरं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मशीन दिलेल्या सगळ्यांचा मिळून बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात मात्र तीन वर्षांत ती घसरण कमी दिसली. मुलांनी विचारलं तर मी एवढंच सांगते. आजींना सांगायला "नातीचा फोन" पुरतो.

कुठे पाठवायचं, पैसे कसे

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. कार्ड सोबत द्या. तिथं आधी कान पाहतात, मग ऑडिओमेट्री, म्हणजे कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या सुरांचे बारीक आवाज ऐकवतात. कागदावर आलेख येतो, उजवा कान लाल गोलानं, डावा निळ्या फुलीनं. तो कागद मुलाच्या पाकिटात नको, माणसाच्या स्वतःच्या फाइलला लावा.

खाजगीत मशीन घ्यायची तर ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का ते विचारा. विचारायला लाजू नका. मशीन घरी नेऊन काही दिवस वापरून पाहू देतात का, नंतर आवाज जुळवून देण्याचे वेगळे पैसे लागतात का, मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, कानाचं माप घेऊन करतात का, हे तीन प्रश्न किंमत विचारण्याआधी. कानाच्या आत लपणारी सगळ्यात छोटी मशीन बहुतेकांना हवी असते. पण संधिवातानं बोटं आखडलेल्या आजींना तिची बॅटरी बदलता येत नाही. त्यांना कानामागची किंवा चार्जिंगची बरी. अगदी हात थरथरत असेल तर खिशातली, वायरची मशीनसुद्धा चांगलं काम करते.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, २०१७ पासून, साठीपुढच्या गरजू ज्येष्ठांना इतर साधनांबरोबर श्रवणयंत्रही मिळतं. महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड लागतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, २०२४ पासून, वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, असं दोन्ही असणाऱ्यांना एकदा ३,००० रुपये बँक खात्यात येतात. त्यात चांगली मशीन येत नाही, बॅटऱ्या आणि मोल्ड मात्र येतात. दोन्ही कानांचं ऐकणं ६० डेसिबलनं किंवा जास्त घटलेलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्राचाही विचार करा.

पहिले दीड महिने

मशीन कानात घालून थेट लग्नाला नेऊ नका. पहिल्या आठवड्यात घरात, एका माणसाशी, दिवसाला दोन-तीन तास. मग दोन-तीन माणसं, मग टीव्ही, मग दारासमोरची गल्ली, आणि बाजार-पंगत शेवटी. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज एकदम येतात. पाण्याचा नळ, चपलांचा आवाज, स्वतःचं चावणं. "सारे भांडे डोक्यात पडून राह्यले" असं एक काका म्हणाले होते. हे कमी होतं, पण रोज लावली तरच. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत राहिला, किंवा शिटी थांबत नसेल, तर सोसू नका. परत जा. मोल्ड सैल असतो, कानात मळ असतो, किंवा आवाज जुळवायचा राहिलेला असतो, तिन्ही दुरुस्त होतात.

बॅटरीवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा लागून बॅटरी चालू होते आणि मग पट्टी परत लावून थांबत नाही. काढल्यावर मिनिटभर थांबा, मग घाला. पट्टीचा रंगच माप सांगतो: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. आजींना आकडे नाही, रंग सांगा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत या बॅटऱ्या लवकर संपतात, तेव्हा एक पाकीट जास्त ठेवा. उन्हात निघताना कानावरून दुपट्टा बांधणार असाल तर मशीन काढून डबीत ठेवा. दुपट्ट्याखाली शिटी वाजते आणि घाम आत जातो. पावसाळ्यात रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिकाच्या पुड्या असलेल्या घट्ट डब्यात.

घरच्यांसाठी एवढंच: आधी नाव घेऊन हाक मारा, समोर या, टीव्ही बंद करा, सावकाश बोला. दोनदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा नको, शब्द बदला. आणि तोंडात खर्रा धरून आई-बाबांशी बोलू नका, ओठ वाचता येत नाहीत.

मशीन मिळाल्याच्या चौथ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी मी फोन करते. मुलाला नाही, ज्याची मशीन त्यालाच. एकच प्रश्न विचारते, काल किती तास लावली? शून्य म्हटलं तर का ते लिहून घेते आणि ऑडिओलॉजिस्टकडे परत पाठवते. इतवारीच्या आजींना पंधराव्या दिवशी फोन केला तेव्हा त्यांच्या बहिणीनं उचलला. म्हणाली, "थांबा, देते. भजनाले निघाली ती, पायरीवर हाय."